रुग्णवाहिकेतील माझी अकरा वर्षे



ज्या व्यासपीठावरून आपण प्राध्यापक, संशोधक आणि साहित्यिक यांना ऐकता, त्याच व्यासपीठावर नववी पास आणि दहावी नापास माणसाने उभे राहावे, याचा मला स्वतःलाच संकोच वाटतो आहे. चालक मंडळी आमच्या युनियनच्या कचेरीत आली, तेव्हा मला वाटले की ती वर्गणी मागायला आली असावीत. आमच्याकडे माणसे एक तर तक्रार घेऊन येतात, नाही तर पावतीपुस्तक घेऊन. आमंत्रण आहे असे कळल्यावर मी विचारले, "कामगार कायद्यावर बोलू का?" त्यावर त्यांच्यातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बोला की. पण दिवस उन्हाळ्याचे आहेत. लोक घरूनच घामाघूम होऊन येतात. जरा हलकेफुलके काही नाही का?" मग मी माझ्या जुन्या नोकरीचे नाव काढले, आणि विषय ठरला.

ती नोकरी म्हणजे एका साखर कारखान्यातल्या अँब्युलन्स रूममधली. १९९१ च्या गळीत हंगामात मी तेथे लागलो आणि २००२ पर्यंत होतो. आमच्या धंद्याला मराठीत भारदस्त नाव आहे, निमवैद्यकीय कर्मचारी. हे नाव मी एकदा आमच्या गल्लीतल्या एका आजींना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे कडुनिंबाचा पाला वाटून देतोस का रे?" मी म्हटले, "आजी, निम म्हणजे अर्धा. अर्धा डॉक्टर." त्यावर त्या म्हणाल्या, "मग उरलेला अर्धा कुठाय?" आजींचा प्रश्न अगदी रास्त होता. उरलेला अर्धा, म्हणजे खरे डॉक्टरसाहेब, आठवड्यातून दोनदा येत. अपघात मात्र वार बघून होत नसत.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमात असे लिहिलेले होते की पाचशेहून अधिक कामगार असतील तेथे अँब्युलन्स रूम असलीच पाहिजे. आमच्याकडे ती होती. एक खोली, एक लोखंडी खाट, एक कपाट, त्या कपाटाची हरवलेली किल्ली, आणि बाहेर एक जुनी मॅटाडोर. कागदावर ती रुग्णवाहिका होती. पण कारखान्यात ज्या वाहनाला मोठे दार आणि आत मोकळी जागा, त्याला विश्रांती कशी मिळणार? वार्षिक सभेला तिच्यातून सोड्याचे क्रेट येत. पाहुण्यांच्या घरच्या लग्नात तिच्यातून मांडवाच्या सतरंज्या जात. कामाच्या पहिल्याच आठवड्यात बॉयलरवरचा एक माणूस चक्कर येऊन पडला. आम्ही स्ट्रेचर घेऊन धावत गाडीपाशी आलो आणि दार उघडले, तर आत छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या. रोगी खाली, आम्ही दोघे खुर्च्या उतरवतोय, आणि मुख्य चौकीदार ओरडतोय, "मोजून उतरवा, दोनशे आहेत!" एवढ्यात रोगी शुद्धीवर आला, उठून बसला आणि खुर्च्या उतरवायला हात लावू लागला. औषधाशिवाय बरा झालेला माझा तो पहिला रुग्ण.

काम मी पुस्तकातून शिकलो. प्रथमोपचाराचा एक छोटा अभ्यासक्रम आम्हाला दिला होता, पण तो चार दिवसांचा. बाकी सगळे ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवरून आणि शब्दकोश मांडीवर घेऊन. त्रिकोणी पट्टी कशी बांधावी, हाड मोडले तर ते हलू नये म्हणून आधार कसा द्यावा, याचा सराव मी घरी करत असे. आमच्या घरात त्या काळात धडधाकट हाताचा माणूस दिसत नसे. आई चपात्या लाटायला बसली की म्हणे, "आता माझा हात सोड बाबा, तुझी परीक्षा नंतर घे."

पुस्तकात लिहिले होते की मोडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधाव्यात, आणि फळ्या नसतील तर जे सरळ व कडक मिळेल ते वापरावे. एके दिवशी अड्ड्यावर बैलगाडी कलंडून एका ऊसतोड मजुराची नडगी मोडली. फळ्या खोलीत, खोलीची किल्ली साहेबांकडे, साहेब तालुक्याला. मी इकडेतिकडे पाहिले. उसाच्या अड्ड्यात सरळ आणि कडक काय मिळणार? चांगली जाड चार कांडकी घेतली, फडके गुंडाळले, वरून पट्ट्या आवळल्या. पाय असा पक्का बसला की मला माझाच अभिमान वाटला. गाडीत त्या माणसाची बायको आणि सहा-सात वर्षांचा मुलगा बसला. मी पुढे ड्रायव्हरमामांच्या शेजारी होतो. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचून दार उघडले, तर एका बाजूची दोन्ही कांडकी गुडघ्यापर्यंत नाहीशी झालेली आणि गाडीत चिपाडाचा ढीग. पोराने वाटेत आधार सोलून खाल्ला होता! डॉक्टरसाहेबांनी पाय पाहिला, पोराचे चिकट तोंड पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आधार उत्तम आहे. फक्त पुढच्या वेळी गोड नसलेला वापरा."

आपण हसलात. मीही हसलो होतो. पण परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "पोरानं सकाळपासून काही खाल्लं नसेल रे." ही गोष्ट माझ्या पुस्तकात नव्हती.

सापाची गोष्ट सांगितल्याशिवाय ऊसपट्ट्यातल्या माणसाला व्यासपीठावरून उतरू देत नाहीत, म्हणून तीही सांगतो. फडात एका मजुराला साप चावला. टोळीतल्या लोकांनी त्याच्या पायाला कासरा करकचून आवळला होता. पहिले काम म्हणजे तो सोडवणे, कारण असे आवळल्याने रक्त अडते आणि पाय गमावण्याची वेळ येते. जखम कापू नये, चोखू नये, माणसाला चालवू नये. पाय हलू न देता त्याला प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्यावे, एवढेच करायचे. आम्ही त्याला गाडीत घेतले. टोळीतला एक म्हातारा एक गोणपाट घेऊन मागे चढला. अर्ध्या वाटेत मी त्याला विचारले, "बाबा, गोणीत काय? कपडे का?" तो म्हणाला, "नाही, साप." मी म्हटले, "मेलेला ना?" तो म्हणाला, "मेलेला कसा आणणार? डॉक्टर विचारतात ना कोणता साप होता. म्हटलं त्यांनी त्यालाच विचारावं."

ड्रायव्हरमामांनी गाडी अशी थांबवली की आम्ही सगळे पुढे आलो, गोणीसुद्धा. त्यानंतरचे सात किलोमीटर मामांनी गाडी चालवली ती एक पाय बाहेर ठेवून. गोणी दवाखान्यात पोहोचली तेव्हा रांगेतले रुग्ण इतक्या चपळाईने पळाले की त्यांतले निम्मे तरी आजारी नसावेत. मजूर वाचला. साप घोणस होता. तो सर्पमित्राच्या ताब्यात गेला. आणि डॉक्टरांनी म्हाताऱ्याला समजावून सांगितले की आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. रुग्णाचे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवले आणि ते गोठले नाही, तर कोणत्या जातीचे विष आहे याचा अंदाज येतो, तेव्हा साप आणण्याची गरज नसते. म्हातारा सगळे ऐकून म्हणाला, "हे आधी सांगितलं असतं तर माझी गोण तरी वाचली असती."

आता मी हळूहळू माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. अकरा वर्षांत मी शेकडो जखमी माणसे उचलली. पहिल्या हंगामात माझी समजूत होती की जखमी माणूस पहिल्यांदा "आई गं" म्हणत असेल. म्हणतो, नाही असे नाही. पण दुसरे वाक्य काय असते, ते आपल्याला सांगतो. उसाचा उकळता रस एकाच्या मांडीवर सांडला. मी पाण्याची नळी धरली. भाजल्यावर चांगली वीस मिनिटे गार पाण्याची धार धरायची असते, शाई आणि टूथपेस्ट लावायची नसते. मग कापड मोकळे करायला कात्री काढली, तर तो गडी ओरडला, "पँट कापू नका! शिवणीवर उसवा. भावाची आहे, त्याला उद्या मुलगी बघायला जायचंय." दुसऱ्याच्या डोक्याला खोक पडली होती. डोळ्यांवर रक्त ओघळत होते आणि तो मला विचारत होता, "माझी हजेरी लागली का?" तिसऱ्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, श्वास घेता येत नव्हता. त्या अवस्थेत त्याने मला जवळ बोलावले, मी कान लावला, तर म्हणाला, "ओव्हरटाइमचे दोन तास लिहायचे राहिलेत."

या गोष्टी मी मित्रमंडळींत रंगवून सांगत असे आणि लोक पोट धरून हसत. बरीच वर्षे मलाही त्या केवळ विनोदी वाटत. त्या विनोदी का वाटतात, हे मला एका बाईने शिकवले.

त्यासाठी आपल्याला कायद्याची आणखी एक ओळ ऐकावी लागेल. माफ करा, उकाडा आहे हे मी विसरलेलो नाही. त्याच कायद्याच्या ८८ व्या कलमात असे होते की अपघातामुळे कामगार अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने तशी सूचना सरकारी निरीक्षकाला पाठवावी. हेतू चांगला होता. पण ज्याने कायदा वाचला त्याने पळवाटही वाचली. अठ्ठेचाळीस तासांच्या आत माणूस कामावर दिसला की सूचना नको, निरीक्षक नको, चौकशी नको. म्हणून आमच्या गाडीला सोडे आणि सतरंज्यांखेरीज आणखी एक काम होते. मोडक्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी घरून उचलायचे आणि कामावर आणायचे.

होय, आपण बरोबर ऐकलेत. सगळ्या जगात अँब्युलन्स माणसाला कामावरून दवाखान्यात नेते, आमची दवाखान्यातून कामावर नेत असे. पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला गेटाजवळच्या झाडाखाली खुर्चीवर बसवत, पाय रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर, हातात कागद-पेन्सिल, आणि काम काय, तर येणाऱ्या गाड्या मोजायच्या. त्याच गाड्या शेजारी काट्यावर मोजल्या जातच होत्या. एका हंगामात त्या झाडाखाली एकाच वेळी तिघे बसले होते. तिघांचे आकडे एकमेकांशी कधी जुळले नाहीत, आणि ते कोणी विचारलेही नाहीत. कामगार त्या झाडाला 'हाडांचा दवाखाना' म्हणत.

बगॅसच्या पट्ट्यावर एका जागी जाळी नव्हती. तेथे एका हंगामी कामगाराचा पाय अडकला आणि घोट्याचे हाड मोडले. त्या दिवशी अपघाताच्या नोंदवहीत मी काय लिहिले, ते आज सांगतो. मी लिहिले, "चालताना पाय घसरला. किरकोळ." कोणी माझा हात धरला नव्हता. समोर बसलेल्या साहेबांनी नुसते "किरकोळच ना?" असे विचारले, आणि मी लिहिले. मीही हंगामी होतो. पुढच्या हंगामात बोलावणे यायचे की नाही, ते त्यांच्या हाती होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन त्याच्या दारात गेलो. त्याची बायको उंबऱ्यात उभी होती. रागावली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही अँब्युलन्सवाले ना? मग एवढं सांगा, माणूस मेल्यावरसुद्धा कामावर न्यायला तुम्हीच येता का?"

ड्रायव्हरमामा आणि मी परत येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. पण माणसाला घेऊनच आलो, हेही सांगायला हवे.

त्या माणसाला भरपाई मिळाली नाही. साखर कारखाने हंगामी म्हणून राज्य विमा योजनेच्या कायद्यातून वगळलेले, आणि १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली मागायची तर कामावर अपघात झाल्याची नोंद हवी. नोंद माझ्या अक्षरात होती, पाय घसरला. तो आजही लंगडत चालतो. बाजारात भेटला की "काय दादा, बरंय का?" म्हणून विचारतो. त्याने कधी विषय काढला नाही. ते मला फार जड जाते.

पुढच्याच हंगामात, त्याच पट्ट्यावर, त्याच बिनजाळीच्या जागी, दुसऱ्या एका पोराची दोन बोटे गेली. मी रुमालात बोटे गुंडाळली, पिशवीत घालून बर्फावर ठेवली आणि गाडीत बसलो. ती जोडता आली नाहीत. गाडीत मला एकच हिशेब सुचत होता. मी आदल्या वर्षी खरे लिहिले असते, तर सूचना गेली असती, निरीक्षक आला असता, जाळी बसली असती, आणि बोटे हाताला राहिली असती. प्रथमोपचाराच्या पुस्तकात अपघात टाळणे हा धडा शेवटी छापलेला होता. परीक्षेला त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून मी तो वाचला नव्हता.

त्या दिवशी मी नोंदवहीत लिहिले, "बगॅस पट्ट्यावर जाळी नसल्यामुळे हात अडकून दोन बोटे तुटली. याच जागी मागील हंगामातही अपघात झाला होता." खाली सही केली. हात कापत होता, म्हणून सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही अशी आली.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला, पोराला घेऊन या. मामांनी किल्ली फिरवली. गाडी चालू होईना. मामा खाली उतरले, बॉनेट उघडले, तोंड पाडून म्हणाले, "साहेब, डिझेलच्या नळीत हवा धरलीय." दुपारी हवा होती, संध्याकाळीही होती. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन उभे राहिले, तेव्हा मामा गाडीखाली पाठीवर झोपून पाना हातात घेऊन खोकत होते. शेवटी साहेबांनी जीप पाठवली. पण तोवर चाळीत बातमी गेली होती. जीप गल्लीच्या तोंडाशी पोहोचली, तर बायका भांडी घासायला नेमक्या रस्त्याच्या मध्यभागी बसलेल्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी दगड उचलला नाही. एक म्हातारी म्हणाली, "जरा थांब बाबा, एवढी राख लावते." जीप थांबली, थांबली आणि परत गेली. अठ्ठेचाळीस तास होऊन गेले, आणि घड्याळाकडे बघून मामा गाडीखालून बाहेर आले. पहिल्या किल्लीला गाडी चालू झाली.

सूचना गेली, निरीक्षक आला, जाळी बसली. पोराला भरपाईही मिळाली, भांडून, पण मिळाली. आमच्या युनियनची पहिली बैठक त्याच मॅटाडोरमध्ये झाली, कारण बाकी कोठेही बसायला जागा नव्हती. मी खाटेवर, मामा स्टेअरिंगवर, आणि सात जण स्ट्रेचरवर. २००२ साली मला हंगामाचे बोलावणे आले नाही. तेव्हापासून हेच काम करतो आहे.

नंतर वाचनात आले की आमची ही बैठक काही जगावेगळी नव्हती. १८९९ साली बोअर युद्धात नाताळमध्ये गांधीजींनी जखमींसाठी भारतीयांचे पथक उभारले. त्यात सुमारे अकराशे माणसे होती. त्यांतली तीनशेच्या आसपास मोकळी, बाकीची सारी गिरमिटिये मजूर. दिवसाला वीस-पंचवीस मैल ती स्ट्रेचर वाहत असत. नाव इतिहासात एकाचे राहिले, खांदे मात्र मजुरांचे होते. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ साली 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा निघाली. तोवर तेथे पोलीस आपल्या गाडीत रुग्णाला घालून नेत. डॉक्टर पीटर सफार यांनी गरीब वस्तीतल्या बेकार कृष्णवर्णीय माणसांना शिकवून तयार केले, आणि ती माणसे रस्त्यावरच प्राण वाचवू लागली. आजच्या निमवैद्यकीय सेवेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढली, ती संस्था बंद पडली, आणि त्यांतले बरेच जण हळूहळू बाजूला सारले गेले.

आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. ही सेवा सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका भाविक काकांना वाटले की तो जपाचा आकडा आहे. त्या गाडीच्या चालकाला पायलट म्हणतात. एका पायलटाच्या सासऱ्यांनी लग्न ठरवताना तेवढेच ऐकले होते. वरात रुग्णवाहिकेच्या चालकाची आहे हे मांडवात कळले, पण तोवर अक्षता पडल्या होत्या. हुद्दा विमानाचा, नेमणूक कंत्राटी. अशा माणसांची गाऱ्हाणी माझ्या कचेरीत रोज येतात. इतरांना वेळेवर पोहोचवणाऱ्याचा पगार वेळेवर पोहोचत नाही, हे त्यांतले नेहमीचे गाऱ्हाणे.

मी आपल्याला उपदेश करणार नाही, माझी तेवढी पात्रता नाही. दोन विनंत्या मात्र करतो. रस्त्यावर कोणी जखमी दिसला तर पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन पुढे जाऊ नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. आणि कधी रुग्णवाहिकेत बसण्याची वेळ आली, ती येऊ नये, पण आलीच, तर आपला रुग्ण ताब्यात दिल्यावर त्या चालकाला एवढेच विचारा, "भाऊ, किती तास झाले गाडीवर? काही खाल्लंत का?"

त्या मोडक्या घोट्याच्या माणसाची नोंद मला बदलता आली नाही. ती वही केव्हाच रद्दीत गेली असेल. म्हणून ती नोंद आज आपल्यासारख्या चारचौघांत, तोंडी का होईना, दुरुस्त करतो. तो घसरला नव्हता. तेथे जाळी नव्हती.